तोंडी सगळं येतं, पेपरात काहीच नाही: अशा मुलासोबत वर्गात आणि घरी नेमकं काय करायचं

चौथी-पाचवीच्या जवळपास प्रत्येक वर्गात असं एखादं पोरगं असतं की तोंडी विचारलं तर धडाधड उत्तरं देतं, गोष्ट रंगवून सांगतं, पण पुस्तक हातात दिलं की अडखळतं आणि पेपर बघितला तर अर्धा कोरा. मग शेरे सुरू होतात, लक्ष नाही, आळशी आहे, घरी कोणी अभ्यास घेत नाही, हुशार आहे पण मनावर घेत नाही. मी विशेष शिक्षिका आहे, अशा मुलांसोबतच माझं काम चालतं, आणि सगळ्या शिक्षकांना आणि पालकांना माझं पहिलं सांगणं एकच असतं: वाचन शिकवणं हे एक काम आणि विषय शिकवणं हे दुसरं काम, दोन्ही वेगवेगळी ठेवा. वाचता येत नाही म्हणून त्या मुलाचं विज्ञान, भूगोल, गणित अडवून ठेवू नका. वाचनाला दोन-तीन वर्षं लागू शकतात, तेवढा वेळ बाकी डोकं उपाशी ठेवलं तर नंतर ते भरून काढणं फार अवघड जातं.

खाली जे लिहिलंय ते साधारण ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने आहे. मराठी आणि सेमी शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण बरंचसं कुठेही चालेल.

सगळ्यात आधी: ही खरंच अध्ययन अक्षमता आहे का

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित पुढे न सरकणं. पण हे नाव द्यायची घाई करू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून पुढे करा, नाहीतर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. फळ्यावरचं दिसतच नाही म्हणून चुकीचं उतरवणारी मुलं मी बघितली आहेत, त्यांना चष्मा लागला आणि प्रश्न मिटला.

दुसरं, हजेरी बघा. आईवडील ऊसतोडीला जातात आणि पोरगं दिवाळीनंतर पार उन्हाळ्यापर्यंत शाळेतच नसतं, तर त्याचं वाचन मागे असणारच, ती अक्षमता नाही, तो बुडालेला अभ्यास आहे. त्याला शिकवलं की ते भराभर पुढे जातं, हाच फरक. तिसरं म्हणजे घरची बोली. वऱ्हाडात, खानदेशात, आदिवासी पाड्यांवर मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणत असेल आणि तसंच लिहीत असेल तर ते घरचं बोलणं आहे, दोष नाही, आणि त्यावरून वर्गात हसू होऊ देऊ नका. बोलीतून आलेली चूक ठरलेल्या जागीच होते. अक्षमतेतली चूक आज इथे तर उद्या तिथे, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हेने लिहिलेला सापडतो.

मग उरतं ते मूल, ज्याची हजेरी चांगली आहे, ऐकू येतं, दिसतं, बोलतं छान, शिकवणारा पण नीट आहे आणि तरी वाचन पुढे सरकत नाही. इथे थांबून नीट बघा.

पंधरा दिवस फक्त बघा आणि लिहून ठेवा

एक साधी वही करा, आणि डाव्या पानावर काय अडतं, उजव्या पानावर काय जमतं असं लिहा. उजवं पान रिकामं राहिलं तर तुमचं बघणं अजून झालं नाही असं समजा, कारण डावं पान कोणीही भरतं.

डाव्या पानावर 'वाचन कच्चे' असं लिहून काही उपयोग नाही. नेमकं लिहा. मूल पहिलं अक्षर बघून बाकी शब्द अंदाजाने ठोकतंय का, म्हणजे 'शेजारी'ला 'शेतकरी' वाचतंय का? घ-ध, भ-म, थ-य यात गडबड होते का? काना-वेलांटी गाळली जाते का? पहिली वेलांटी तर खरंच त्रासदायक आहे, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. 'र' तर चार वेषांत येतो, सर्व, प्रकाश, ट्रक, सुऱ्या, आणि ज्या मुलाला आकार लक्षात ठेवायला जड जातात त्याला ही चार वेगळी अक्षरं वाटतात. जोडाक्षर आलं की मूल थांबतं का, की अर्धं अक्षर सोडूनच देतं? आणि हो, पाठ झालेला धडा वाचायला देऊ नका, तो पाठच म्हणून दाखवतं आणि आपण फसतो, कधी न बघितलेला मजकूर द्या.

गणितात पण तसंच बघा. आपल्याकडे मराठी संख्यानामांचा एक खास घोळ आहे, बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी, त्यामुळे 'बावन्न' ऐकून मूल २५ लिहितं, आणि 'एकोणसाठ'मध्ये 'साठ' ऐकू येतं म्हणून ६९. त्यात ३ आणि ६ एकमेकांचे उलटे दिसतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. पण ज्या मुलाला संख्यानामंच अडवतात त्याच्यासाठी ती पद्धत खरंच कामाची आहे आणि मी ती आजही वापरते. आधी 'पन्नास दोन' म्हणू दे, ५२ लिहू दे, ते पक्कं झालं की 'बावन्न' सांगा. आपल्याला बघायचंय त्याला बेरीज येते की नाही, संख्येचं नाव पाठ आहे की नाही हे नंतर बघता येईल.

आता उजवं पान. यासाठी मुलाला वर्गाबाहेर बघावं लागतं, मधल्या सुट्टीत, परिपाठाला, मैदानावर, आणि घरी काय काय करतं ते आईला किंवा आजीला विचारावं लागतं. 'चित्रकला चांगली' एवढ्यावर थांबू नका, त्या चित्रकलेत नेमकं काय चांगलं आहे ते लिहा. आकार जसाच्या तसा उतरतो का, की रंग छान जमतात, की समोर नसलेली गोष्ट आठवून काढतं? प्रत्येकाचा उपयोग वेगळा होतो.

जमणाऱ्या गोष्टीवरून न जमणाऱ्याकडे जायचं, म्हणजे कसं

नाशिकच्या बाजूचा पाचवीतला एक मुलगा सांगते. वाचन दुसरीच्या आसपास. 'पाणी' या विषयावरचा परिसर अभ्यासाचा पाठ चालू होता आणि तो खिडकीबाहेर बघत बसलेला. त्याच्या घरी शेतात ठिबक सिंचन होतं आणि ते बघायचं काम त्याच्याचकडे, फिल्टर कधी धुवायचा, लॅटरल म्हणजे झाडांपर्यंत जाणारी बारीक नळी कुठे चोंदली, खत सोडायचं तर वेंचुरी, म्हणजे पाण्यात खत ओढून घेणारा भाग, कशी लावायची, सगळं त्याला माहीत. त्याच्या बाईंनी त्याला एक मोठा कागद दिला आणि म्हणाल्या, आपल्या वर्गाला ठिबकचं चित्र काढून समजावून सांग. त्याने काढलं, विहिरीपासून शेवटच्या झाडापर्यंत, एकही जोड चुकला नाही. मग बाईंनी त्यालाच नावं विचारून चित्रावर लिहिली, मोटर, पाइप, फिल्टर, कॉक, लॅटरल, ठिबक. दुसऱ्या दिवशी तीच नावं चिठ्ठ्यांवर लिहून दिली आणि चित्रावर जागच्या जागी ठेवायला सांगितली. हे शब्द तो वाचू शकला, कारण अर्थ डोक्यात पक्का होता, सगळी ताकद अक्षरावर लावता आली. मग 'फिल्टर' मधला 'ल्ट' वेगळा काढला, तोंडाने फिल्-टर असं तोडून म्हटलं, आणि जोडाक्षर म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या शब्दात समजलं. तिथून पुढे बेल्ट, बोल्ट, व्होल्ट.

यात दोन गोष्टी झाल्या. विषयाचं ज्ञान त्याने तोंडी आणि चित्रातून दाखवलं, त्याचे मार्क त्याला मिळाले. आणि वाचनाचा वेगळा, छोटा, रोजचा सराव त्याच शब्दांवरून सुरू झाला. बलस्थानावर आधारित शिक्षण म्हणतात ते हेच. नुसतं 'तू छान खेळतोस हं' म्हणून कौतुक करून सोडून दिलं तर मुलालाही कळतं की हे सांत्वन आहे.

वाचनाचा सराव: रोज १५ ते २० मिनिटं

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज १५ मिनिटं कितीतरी बरी, आणि शक्यतो एकाच वेळेला.

आवाजापासून सुरू करा, अक्षरापासून नको. शब्द टाळी वाजवून तोडायचा, क-म-ळ, मग 'कमळ'मधला पहिला आवाज काढला तर काय उरतं विचारायचं. ही तोंडी खेळण्याची गोष्ट आहे, स्वयंपाक करता करता आईला घेता येते. हे जमायला लागलं की अक्षर. ताटात रवा किंवा वाळू पसरायची, बोटाने अक्षर मोठं काढायचं आणि काढतानाच तोंडाने आवाज म्हणायचा. डोळा, कान, बोट, तोंड सगळं एकदम लागलं पाहिजे, नुसतं वहीत दहा वेळा लिहून काही होत नाही.

बारखडी चालीवर म्हणून घेणं इथे फसवं आहे. चाल पाठ होते, अक्षर दिसतच नाही. त्यापेक्षा एका वेळी एकच खूण घ्या, या आठवड्यात फक्त काना, त्याचे १०-१२ शब्द, मात्रा-वेलांटीला हातच लावायचा नाही. खूण लाल पेनने, अक्षर निळ्याने. पहिल्या वेलांटीला मी मुलांना आधी अक्षरावर बोट ठेवायला लावते, क, मग बोट मागे वेलांटीवर, कि. काही दिवस बोट असं मागेपुढे होतं, नंतर गरज उरत नाही. दिसायला सारखी अक्षरं कधीच एकत्र शिकवू नका, घ पक्का झाल्यावर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, मग ध घ्या. जोड्या लावा, फरक ओळखा असले स्वाध्याय सुरुवातीला दिले तर गोंधळ वाढतो, कमी होत नाही.

श्रुतलेखन घ्यायचंच असेल तर पाच शब्द, आणि तेही त्या आठवड्याच्या खुणेचे. तपासताना त्या खुणेपुरतंच तपासा. वही लाल रेघांनी भरून परत दिली तर पोरगं उद्यापासून कमी लिहील, हे अगदी ठरलेलं.

सेमीतल्या मुलांबद्दल पालक विचारतात की मराठीत काढू का इंग्रजीत ठेवू. देवनागरीत जसं लिहितो बऱ्यापैकी तसंच बोलतो, इंग्रजी स्पेलिंगचं तसं नाही, म्हणून मराठीत कसंबसं निभावणारं मूल इंग्रजीत साफ बसतं आणि घरच्यांना वाटतं इंग्रजीच कच्चं आहे. माध्यम बदलण्याआधी आपल्या शाळेत गणित-विज्ञान त्याला मराठीत समजावून मिळेल का ते बघा, बरेचदा तेवढ्याने भागतं. वर्षाच्या मध्यात तर अजिबात बदलू नका.

वर्गात काय बदलायचं

अचानक उभं करून प्रकट वाचन घेऊ नका. वाचू द्यायचंच आहे, पण चार ओळी आदल्या दिवशी सांगून ठेवा, घरी वाचून येऊ दे, मग वर्गात त्याच चार ओळी. फळ्यावरचं सगळं उतरवायला लावू नका, शेजारच्याच्या वहीची झेरॉक्स किंवा घरच्या फोनवर फोटो चालतो, आणि त्या वाचलेल्या वेळात त्याला दोन प्रश्न तोंडी विचारा. गृहपाठ दहा उदाहरणांऐवजी चार, पण चारही वेगवेगळ्या प्रकारची.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पाठांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात, आणि साध्या ॲंड्रॉइड फोनला मराठी मजकूर वाचून दाखवता येतो. मराठीत बोलून टाइप पण होतं. सहावी-सातवीतल्या मुलाला निबंध बोलून लिहायला द्या, मग तेच त्याच्याकडून वाचून दुरुस्त करून घ्या. निबंधातले विचार त्याचेच असतात, फक्त हाताचा अडथळा बाजूला होतो.

मूल्यमापनाबद्दल शिक्षक म्हणतात की आमच्या हातात काय आहे. पहिली ते आठवीला आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर रोजच्या कामावरून होणारं मूल्यमापन, आहेच ना, त्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधनं आधीपासून दिलेली आहेत, ती कागदावर भरण्यापुरती न ठेवता या मुलांसाठी खरोखर वापरा. ठिबकचं ते चित्र आणि त्यावरचं बोलणं म्हणजे उपक्रम आणि तोंडीकाम दोन्ही झालं. आणि वर्णनात्मक नोंदी तयार पुस्तकातून उतरवू नका. 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो' या वाक्याने पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही, 'ठिबक सिंचनाची पूर्ण रचना क्रमाने समजावून सांगतो, सहा नावं वाचतो, जोडाक्षर तोडून दाखवल्यावर वाचतो' या वाक्याने सगळं कळतं.

बाकीची मुलं विचारतात, बाई, त्यालाच का जास्त वेळ? यावर मी सुचवते की शक्य तिथे सवलत सगळ्यांना खुली ठेवा. आज उत्तर लिहून, चित्र काढून किंवा बोलून, कसंही द्या. बहुतेक मुलं लिहूनच देतात, दोन-चार बोलून देतात, आणि ते एकटं पोरगं वेगळं दिसत नाही. हे वेगळं न दिसणं पाचवी-सहावीच्या वयात फार मोठी गोष्ट असते. त्याला मागच्या बाकावर एका हुशार मुलीच्या ताब्यात देऊन मोकळं होणं याला मात्र समावेशक शिक्षण म्हणत नाहीत, ती मुलगी पण वैतागते.

प्रमाणपत्र कधी, कुठे, कशासाठी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याच कायद्याचं कलम १६ म्हणतं की अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि त्यावर योग्य अध्यापनाचे उपाय करणं हे शाळांनी करायचंय. म्हणजे वर जे सगळं लिहिलं ते करायला प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नाही, आजपासून करता येतं. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, वर्गात उभं करून 'मठ्ठ' म्हणणं त्यातच येतं.

प्रमाणपत्र लागतं ते मुख्यतः परीक्षेच्या सवलतींसाठी. केंद्राच्या २०१८ च्या नियमांत ८ वर्षांखालच्या मुलाला ते देत नव्हते आणि १४ व्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितलेली होती. तपासणीत आधी बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात, बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ बघतात. बुद्ध्यांकाची चाचणी मूल 'मंद' आहे का बघायला नाही, उलट बुद्धी ठीक असूनही वाचन मागे आहे हे दाखवायला असते, हे घरी नीट सांगून न्या, नाहीतर मूल घाबरून काहीच करत नाही. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयात हे काम होतं, बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. खाजगी सेंटरचा रिपोर्ट शिकवायला उपयोगी पडतो, पण बोर्डाला सरकारी प्रमाणपत्र लागतं. जाताना शाळेचं पत्र, गेल्या दोन वर्षांच्या उत्तरपत्रिका आणि वह्या सोबत न्या. ती निरीक्षणाची वही पण न्या, डॉक्टरांना तिचा खूप उपयोग होतो.

नंबर लागायला महिने जातात. म्हणून नववीच्या शेवटी धावपळ करण्यापेक्षा सातवी-आठवीतच सुरू करा. दहावीला तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, गणिताला साधा कॅल्क्युलेटर अशा सवलती शाळेमार्फत बोर्डाकडे मागता येतात, आणि अर्ज दहावीचे फॉर्म भरतानाच जायला हवा.

लेखनिकाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं नसतं, त्याला सांगता यावं लागतं. पूर्ण वाक्यात सांगायचं, कुठे परिच्छेद तोडायचा, आकृतीत नाव कुठे लिहायचं, लेखनिक मागे पडला तर थांबायचं, हे सगळं शिकावं लागतं. लेखनिक साधारण खालच्या वर्गातला असतो, दोघांना नववीपासून घटक चाचण्यांना एकत्र बसवा. आणि ज्याला स्वतः लिहायचंय त्याला लेखनिक लादू नका. माझ्याकडच्या काही मुलींना नुसता जादा वेळ पुरला, त्यांना स्वतःच्या हाताने पेपर लिहायचा होता.

घरच्यांसाठी

रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवा, मूल आठवीत असलं तरी. पेपरातली क्रिकेटची बातमी चालेल. तुम्हाला वाचता येत नसेल तर फोनवर ऐका दोघं मिळून आणि त्यावर बोला. यातून शब्द वाढतात, आणि वाचन मागे असलेल्या मुलांचा शब्दसाठाच सगळ्यात आधी मागे पडायला लागतो.

मार्क कमी पडले म्हणून कबड्डी, तबला, सायकलच्या दुकानात जाणं बंद करू नका. दिवसभरात तेवढ्याच एका ठिकाणी त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटत असतं. भावंडांशी तुलना नको, आणि पाहुण्यांसमोर पुस्तक वाचून दाखव तर मुळीच नको. मुलाला स्वतःला काय आहे ते सरळ शब्दांत सांगा, तुला अक्षरं लवकर ओळखू येत नाहीत, डोकं तुझं चांगलं आहे, आपण वेगळ्या पद्धतीने शिकणार आहोत आणि वेळ लागणार आहे. मुलांना हे ऐकून हलकं वाटतं, कारण आपण ढ आहोत असं त्यांनी मनात आधीच ठरवलेलं असतं.

शाळेशी बोलताना तक्रारीने सुरुवात करू नका. एका वेळी एकच मागणी, उदाहरणार्थ महिनाभर प्रकट वाचन आदल्या दिवशी सांगून घ्या, आणि महिन्याने विचारा काय फरक पडला. वर्गशिक्षकांना ४०-५० पोरं असतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना लेखी अर्ज दिला तर ते शाळेत येऊन मूल बघतात, वर्गशिक्षकांना पण त्यांची मदत होते.

एप्रिलमधलं शेवटचं काम

वर्ष संपताना एक पान लिहा, एकच, आणि ते पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या, नुसतं फाइलला लावू नका. हे नाही केलं तर जूनमध्ये नवीन शिक्षक पहिल्या दिवशी त्याला वाचायला उभं करतात आणि वर्षभराचं काम मागे जातं. त्यात सुरुवात जमणाऱ्या गोष्टींनी करायची, मग वाचन कुठपर्यंत आलं, कोणत्या खुणा पक्क्या, कोणत्या कच्च्या, वर्गात काय केलं की चालतं आणि काय केलं की मूल मिटून जातं, प्रमाणपत्राचं काम कुठे अडलंय. त्या ठिबकवाल्या मुलाच्या पानावर बाईंनी असं लिहिलं होतं: यंत्र उघडून बघून समजतो, आकृती अचूक, चारचौघांत न घाबरता बोलतो. काना, मात्रा, दोन्ही वेलांट्या झाल्या. जोडाक्षर तोडून दाखवलं की वाचतो. रफार बाकी. प्रकट वाचन आदल्या दिवशी सांगून घ्यावे. विज्ञानाच्या प्रयोगाला पुढे बोलवावे.